पुराच्या दिवशीचा टँकर

आमच्या गावातून नदी वाहते असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे ती वाहत नाही, नुसती असते. वर्षातले बहुतेक महिने तिच्या पात्रात बाजाराच्या दिवशी काळ्या-पिवळ्या जीपा उभ्या असतात, एरवी पोरं क्रिकेट खेळतात आणि कडेच्या बाभळींखाली मेंढरांचे कळप बसतात. बाहेरून बदलून आलेला अधिकारी पहिल्या दिवशी पुलावरून जाताना विचारतो, हा पूल कशावर आहे? आपण सांगायचं, नदीवर. मग तो खाली वाकून बघतो.

अशा गावात पूर आला तर सरकारी खाती काय करतात यावर लिहा, असा दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला. मी म्हटलं, खाती एकमेकांना फोन करतात. लेख इथंच संपला असता, पण त्यांना चार-पाच पानं हवी होती.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात होतो. गावाचं नाव लिहीत नाही. बीड जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे, कारण संध्याकाळी चहाला मला त्याच लोकांत बसायचं असतं. आडनाव मुळे. पण ते आडनाव ऑफिसातच, गावात मी 'टँकरवाले साहेब'. नळाला पाणी आलं तर लोकांना माझी आठवण येत नसे, आणि नाही आलं की माझ्या आईपर्यंत सगळ्यांची आठवण निघे.

टँकरचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. नेकनूरकडच्या विहिरीवर भरायचा, गल्लीत आणून उभा करायचा, पाइप सोडायचा. पण टँकरवाल्याला पाणी सांभाळावं लागत नाही, रांग सांभाळावी लागते. आमच्याकडे रांगेत माणूस उभा राहत नाही, भांडं उभं राहतं. टँकर येणार असं कळलं की बाई हंडा, कळशी, रंगाची रिकामी बादली, जे असेल ते रांगेत ठेवते आणि घरी जाऊन भाकऱ्या थापते. तिचा नंबर तिचा हंडा धरतो. कोणता पोचा कुणाच्या हंड्याला आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं, आणि दुसऱ्याचा हंडा कुणी पायानं जरी मागं सरकवला तरी प्रकरण ठाण्यापर्यंत जातं. माझ्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ती अशाच एका कळशीची. मी मध्ये पडलो होतो. मध्ये पडायचाच पगार होता.

टँकर कुठं आणि कधी येणार हे मी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगायचो. कचऱ्याच्या गाडीचं गाणं बंद करायचं आणि माइक हातात घ्यायचा. माझा आवाज काही गोड नाही, पण गावाला पाठ होता. उशीर होणार असेल तर उशीर होणार आणि येणारच नसेल तर येणार नाही, असं मी सरळ सांगत असे. त्यापायी शिव्या खाल्ल्या. पण ह्या माणसानं सांगितलं म्हणजे टँकर आला, एवढी किंमत माझ्या आवाजाला आली होती. नोकरीत मी दुसरं काही कमावलं असं मला वाटत नाही.

आता पुराकडे येतो. आधी हे समजून घ्या की नदी महसूल खात्याची, तिच्यावरचा पूल बांधकामाचा आणि वरच्या तळ्यातलं पाणी पाटबंधाऱ्याचं. ते पाणी सांडव्यावरून उतरलं की कुणाचंच नसतं, आणि गटारीतून लोकांच्या घरात शिरलं की नगरपालिकेचं होतं. बैठकीत प्रत्येकजण आपापल्या हद्दीबद्दल बोलतो आणि चहा येतो. मी हे हसण्यावारी लिहितोय, पण त्या बैठकांतली माणसं वाईट नव्हती. दरवर्षी टंचाईचा आराखडा करून करून त्यांचे हात त्यालाच बसले होते. पाणी कसं आणायचं हे सगळ्यांना येत होतं. पाण्यापासून माणूस कसा लांब न्यायचा, हे कुणालाच येत नव्हतं.

तरी एक चांगलं काम झालं होतं. नगरपालिकेच्या गच्चीवर धोक्याचा भोंगा बसवला होता. नदी फुगली की तो वाजवायचा, म्हणजे लोक सावध होऊन उंचावर जातील असा हिशोब. कागदावर हिशोब बरोबर होता.

गौरी-गणपती होऊन नवरात्र तोंडावर आलं होतं. वरच्या डोंगरात धो धो पाऊस झाला आणि सकाळी पाटबंधाऱ्याचा फोन आला की तळं भरलं, सांडवा सुटला, दुपारपर्यंत आणखी पाणी येणार. पहिल्यांदा बुडालं ते आमचंच पंपघर. म्हणजे गावात सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. नेकनूरच्या रस्त्यावरचा फरशी पूल गेला, त्यामुळे टँकर पलीकडे अडकले. ड्रायव्हरनं फोनवर सांगितलं, ''साहेब, आज इसरा. उंद्याचं बी सांगता येत न्हाई.'' हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. त्या दिवशी टँकर येणार नाही हे गावात मला सगळ्यात आधी ठाऊक होतं.

मुख्याधिकारी मॅडमनी भोंगा वाजवायला सांगितला. मॅडम वयानं लहान, कोकणातल्या. पूर त्यांनी लहानपणापासून बघितलेला. भोंगा वाजला आणि आम्ही दोघं पुलाशी पोचतो तोवर गाव घरातून बाहेर पडलं होतं. सगळं नदीकडे निघालं होतं. बायका नवी लुगडी नेसून, हातात खण-नारळाची ओटी घेऊन. म्हातारी माणसं नातवंडांना खांद्यावर बसवून. तरणी पोरं मोबाइल वर धरून.

मॅडम म्हणाल्या, ''मुळे, ही माणसं इकडे का येतायत? आपण धोक्याचा भोंगा वाजवला ना?''

मी काय सांगणार? ज्या गावानं कितीएक वर्षं नदीत पाणी बघितलं नाही, त्याला तुम्ही ओरडून सांगितलंत की नदीला पाणी आलं. ते घरी कसं बसेल? शेजारून जाणारी एक बाई हात जोडून म्हणाली, ''आली गं बया. लई वरसांनी आली.'' माहेराला आलेल्या लेकीला म्हणावं तशी. तिच्यावर रागवायला माझी जीभ वळेना.

त्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे आमच्या गावचे पुढारी. पाण्याचा प्रश्न त्यांनी प्रत्येक निवडणुकीत सोडवलेला. त्यांनी जलपूजन ठरवलं होतं. पुलाच्या मध्यावर सतरंजी, पाट, हलगीवाला, फोटोवाला. पाणी कमानीच्या माथ्याला लागायला आलं होतं आणि वर हलगी कडाडत होती. फौजदार कर्ण्यावरून ओरडत होते, ''पूल धोक्यात आहे, मागं सरका!'' ते ऐकून मागचे लोक पुढं येत होते, पूल खरंच हलतो का ते बघायला.

तेवढ्यात कठड्याजवळ गलका झाला. पुलाच्या खालच्या अंगाला, पात्राच्या मधोमध जुन्या घाटाचा एक चौथरा आहे. त्याच्यावर माणसं होती. कडा गावाकडचं एक धनगर जोडपं दरवर्षी मेंढरं घेऊन पात्रात उतरायचं. मी त्यांना ओळखत होतो, कारण उन्हाळ्यात त्यांच्या मेंढरांसाठी टँकरच्या गळतीखाली मी घमेलं ठेवू द्यायचो. माणसाचं नाव धुळाबा, बायको सोनाबाई. पाणी चढताना मेंढरं हाकायच्या नादात ते चौथऱ्यावर गेले आणि दोन्हीकडून धार लागली. आता चौथऱ्यावर मेंढरं दाटीनं उभी, मधे ती दोघं, आणि पाणी चौथऱ्याच्या वरच्या पायरीशी. सोनाबाईनं एक कोकरू पदरात बांधलं होतं. ती ओरडत नव्हती. पुलावरच्या माणसांकडे नुसती बघत होती. आणि पुलावरची माणसं तिचा व्हिडिओ काढत होती.

अग्निशमनची गाडी लगेच निघाली होती. गाडीत रबरी बोट, दोर, पोहणारी पोरं. बोट पाण्यात सोडायला जागा एकच होती, पलीकडच्या काठाचा उतार. तिथं जायचं तर पूल ओलांडायचा. गाडी चालवत होते रशीदभाई. त्यांनी हॉर्नवर हात ठेवून पुलाच्या तोंडापर्यंत गाडी आणली आणि ती तिथंच रुतली, गर्दीत.

रशीदभाई खिडकीतून ओरडले, ''मुळेसाब, रस्ता द्या बे कुनी तर! आत मान्सं हायती, मरतील!''

''कुणी ऐकत नाही, रशीदभाई.''

''कावून न्हाई ऐकत? लाठी चालवा म्हनावं!''

लाठी कुठं चालवणार? पुलाला कठडा गुडघाभर उंच. चेंगराचेंगरी झाली असती तर दोन माणसं वाचवायला निघून आम्ही पन्नास बुडवली असती. मॅडम अण्णांच्या पाया पडायच्या तेवढ्या बाकी होत्या. अण्णाही घाबरले होते, लोकांना हात करून मागं व्हा म्हणत होते. पण त्यांच्या सभेतून लोक आजवर त्यांच्या सांगण्यावरून कधी उठले नव्हते, ते आता कुठून उठणार?

मला तेव्हा काय सुचलं ते सांगतो. सुचलं म्हणणंही जास्त आहे, तीस वर्षं जे केलं तेच हातून झालं. घंटागाडी पुलाच्या तोंडाशी अडकून पडली होती. मी मॅडमना म्हटलं, ''मॅडम, ही गर्दी मी हलवतो. पण मला खोटं बोलावं लागेल.''

त्यांनी चौथऱ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ''बोला. जबाबदारी माझी.''

मी गाडीवर चढलो आणि माइक घेतला. ''नागरिकांना कळविण्यात येते की, पंपघर बुडाल्यामुळे नळाला पाणी येणार नाही. पिण्याच्या पाण्याचा टँकर टेकडीवरच्या शाळेत येत आहे. एकच टँकर आहे. ज्याचा हंडा आधी, त्याला पाणी आधी.''

क्षणभर हलगी थांबली. मग बायका हलल्या. ओटीचं ताट एका हातात, दुसऱ्या हातानं पोराला खेचत त्या वळल्या. एकीनं नवऱ्याच्या हातातला मोबाइल हिसकला आणि म्हणाली, ''हितं काय बघतुस, घागर आन घरची!'' बायका निघाल्या म्हटल्यावर पुरुष निघाले. ढकलाढकल नाही, आरडाओरडा नाही. टँकरला पळायची गावाला सवय होती, कुणाच्या पायात न येता कसं पळायचं हे अंगात मुरलेलं होतं. हलगीवाला हलगी काखेत मारून निघाला. बघता बघता पूल रिकामा झाला, आणि मधोमध सतरंजीवर अण्णा एकटे, हातात नारळ.

मला म्हणाले, ''मुळे, टँकर खरंच हाय का? मंग जाता जाता आमच्या दाराहून वळवा की.''

रशीदभाईंनी त्यांच्या शेजारून गाडी काढली.

बोट गेली तेव्हा पाणी चौथऱ्यावर आलं होतं. मी पलीकडच्या उतारावर दोर धरून उभा होतो, तळहाताची सालं निघाली. सोनाबाई बोटीत बसेना. आधी कोकरं घ्या म्हणत होती. पोरांनी तिला अक्षरशः उचलून टाकलं, आणि तिनं पडता पडता दोन कोकरं ओढून घेतली. धुळाबा शेवटी आला. पुन्हा बोट नेऊन जमतील तेवढी मेंढरं आणली, मग धार वाढली आणि रशीदभाईंनी पोरांना परत जाऊ दिलं नाही. निम्म्याहून जास्त मेंढरं आमच्या डोळ्यांदेखत गेली. ओरडत गेली. धुळाबा काठावर बसून जिभेनं टक टक आवाज काढून त्यांना बोलवत राहिला, बराच वेळ. रशीदभाईंनी त्याच्या खांद्यावर आपला कोट टाकला. सोनाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, ''साहेब, जीव वाचला वो. पर जगायचं कशावर, ते बी त्यात व्हतं.'' नंतर भरपाईसाठी मी त्यांच्याबरोबर पुष्कळ खेटे घातले. काही मिळालं. मेंढरं मिळाली नाहीत.

दोन माणसं वाचली. लोक म्हणतात, मुळेसाहेबांनी शक्कल लढवली. मॅडमचाही सत्कार झाला. ते सगळं ठीक आहे. पण मला त्या दिवसाची आठवण झाली की मनानं मी पुलावर जात नाही, शाळेवर जातो.

कारण शाळेत लोक वाट बघत होते. मॅडम म्हणाल्या, तुम्ही दमलात, मी जाऊन सांगते. मी म्हटलं, नको, ज्या आवाजानं बोलावलं त्यानंच जाऊन सांगायला हवं. दुपार टळत आली होती. चिखल तुडवत टेकडी चढलो. मनात वाक्य जुळवत होतो, की बायांनो, तुम्हाला फसवलं पण कारण असं असं होतं. शिव्या खायची तयारी होती. खरं सांगतो, शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाऊस पुन्हा जोरात सुरू झाला होता. मैदानात चिखल, म्हणून रांग शाळेच्या भिंतीलगत लागली होती. सगळी इमारत वळसा घालून हंडे, कळश्या, बादल्या, डबे. शाळेला पत्र्याचं छप्पर आणि रांग बरोबर त्याच्या कडेखाली. पत्र्यावरून पाण्याच्या दोऱ्याच्या दोऱ्या लोंबत होत्या आणि खालच्या हंड्यांत पडत होत्या. हंडे भरत होते. मी मनात म्हटलं, देवाची करणी, पाणी मिळालं ह्यांना. चांगलं धुतलेल्या पत्र्यावरचं, स्वच्छ.

आणि त्या बाया हंडे ओतून देत होत्या.

भरत आला की उचलायचा, पालथा करायचा, पुन्हा जागेवर ठेवायचा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच चाललं होतं. मला वाटलं, माझे डोळे फिरले. रांगेत मधेच पारूबाई होत्या, धुणीभांडी करणाऱ्या, आमच्याच मागच्या गल्लीतल्या. मी त्यांना म्हटलं, ''मावशी, अहो ओतताय कशाला? चांगलं पाणी आहे.''

त्या म्हणाल्या, ''मंग काय करू? भरल्याल्या हंड्याला नंबर न्हाई. तुमीच केलंय की.''

होय, मीच केलं होतं. काहीजणी घरून अर्धा भरलेला हंडा आणून रांगेत ठेवायच्या आणि दुसऱ्या हातानं आणखी दोन नंबर धरायच्या, म्हणून मी नियम काढला होता की टँकर येईल तेव्हा भांडं कोरडं पाहिजे. भरलेलं दिसलं की ड्रायव्हर नंबर बाद करायचा. नियम चांगला होता. त्यामुळे भांडणं निम्मी झाली होती.

मी म्हटलं, ''मावशी, टँकर येणार नाही. रस्ता गेलाय. पुलावरून लोकांना हलवायला मी तसं बोललो.''

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नाही, काही नाही. म्हणाल्या, ''असं कसं? तुमी सांगितलं म्हंजी येतो.''

''येणार नाही, मी सांगतोय ना.''

''आता येत न्हाई म्हन्ता. आमी गेलो आन मागून आला, तर? मागच्या साली तसंच झाल्तं, तुमी रजेवर व्हता, दुसरा सायेब व्हता.'' आणि त्यांनी हंडा पालथा केला.

मी पुढच्या बाईला सांगितलं, तिच्या पुढच्या बाईला सांगितलं. त्या मान हलवत होत्या आणि हंडे ओतत होत्या. मला रडायला आलं. इतक्या वर्षांत आम्ही गावाला पाणी दिलं असं मी समजत होतो. आम्ही गावाला रांग शिकवली होती.

मी परत पारूबाईंकडे आलो. त्यांचा हंडा घेतला, विसळला आणि पत्र्याच्या धारेखाली धरला. तो काठोकाठ भरला. त्यांना म्हटलं, ''उचला आणि घरी न्या.'' त्या हंड्याकडे बघतात आणि रांगेकडे बघतात. घरी नातू तापानं पडला होता, पाण्याची गरज होती, ते मला ठाऊक होतं. पण पाय निघेना.

''नंबर जाईल, साहेब.''

मग मी त्यांच्या जागी चिखलात खाली बसलो. म्हटलं, ''जा तुम्ही. तुमच्या नंबरला मी बसतो. टँकर आला तर हाक मारीन.''

तेव्हा त्यांनी हंडा डोक्यावर घेतला. टेकडीचा उतार उतरताना त्या पाण्याचा थेंबही सांडू देत नव्हत्या. वळणाशी पोचल्या आणि एका हातानं हंडा धरून त्यांनी मागं वळून बघितलं, मी जागेवर आहे ना ते.